सायकोपॅथीचे मापन : स्वनिवेदन प्रश्नावल्या

दुसऱ्याला थंडपणे वापरून घेणे, पश्चात्ताप न वाटणे, वरवरचे गोड बोलणे, बेदरकार वागणे या गुणांचा समुच्चय सायकोपॅथी म्हणून ओळखला जातो. तो एखाद्या व्यक्तीत किती प्रमाणात आहे, हे तिने स्वतः दिलेल्या उत्तरांवरून ठरवण्याची ही पद्धत. समोर विधाने असतात. ती आपल्याला कितपत लागू पडतात ते ठरावीक श्रेणीवर नोंदवायचे आणि गुणांची बेरीज करायची. बोलण्याच्या ओघात ‘सायको’ म्हणजे वेडा असा अर्थ घेतला जातो, पण भास-भ्रमांशी सायकोपॅथीचा संबंध नाही. डीएसएम-५ या अमेरिकन निदानसंहितेत (२०१३) ते स्वतंत्र निदानही नाही. तेथील सर्वांत जवळचे निदान समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकृतीचे आहे.

या संकल्पनेचे आधुनिक वर्णन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ (१९४१) या ग्रंथात केले. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातील कैद्यांसाठी पडताळासूची तयार केली. तिच्या १९९१ च्या सुधारित आवृत्तीत २० बाबी असून प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण मिळतात. कमाल गुण ४० आणि उत्तर अमेरिकेत रूढ असलेली सीमारेषा ३०. हे गुण कैदी देत नाही. प्रशिक्षित परीक्षक मुलाखत घेऊन आणि कागदपत्रे चाळून देतो. पद्धत भक्कम, पण वेळखाऊ. शिवाय ज्याच्या नावावर एकही गुन्हा नाही त्याची फाइल आणायची कुठून? प्रश्नावल्यांची गरज निर्माण झाली ती इथे.

लेव्हन्सन आणि सहकाऱ्यांची २६ विधानांची श्रेणी १९९५ मध्ये आली. तीत निर्दय स्वार्थीपणा (१६ विधाने) आणि उतावळी, विस्कळीत जीवनशैली (१० विधाने) यांचे गुण वेगवेगळे मोजले जातात. हेअर यांच्या स्वतःच्या स्वनिवेदन श्रेणीची चौथी आवृत्ती ६४ विधानांची असून ती गुन्हेगारी वर्तनाबद्दल थेट विचारते. स्कॉट लिलियनफेल्ड आणि अँड्र्यूज यांनी १९९६ मध्ये १८७ प्रश्नांची शोधिका प्रसिद्ध केली. २००५ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न १५४ उरले. तिची रीत उलटी : गुन्ह्यांबद्दल विचारायचे नाही, स्वभाव तेवढा चाचपायचा. तिच्या आठ उपश्रेणींपैकी एक म्हणजे दोष सदैव इतरांवर ढकलण्याची वृत्ती, मराठीत ज्याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ती.

पहिला आक्षेप कोणालाही सुचेल : खोटे बोलणे हेच ज्याचे लक्षण, त्याला ‘तू खोटे बोलतोस का?’ असे विचारून काय मिळणार? आक्षेप बिनतोड वाटतो, पण संशोधनाने तो बराचसा बोथट केला. निनावी संशोधनात अधिक गुण मिळवणारे लोक स्वतःला सज्जन दाखवण्याचा खटाटोप इतरांपेक्षा कमीच करतात, असे २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. निर्दयपणाची लाजच नसेल तर लपवायचे कशाला? अर्थात पॅरोल किंवा नोकरी उत्तरांवर अवलंबून असेल तर गणित बदलते. म्हणून काही शोधिकांत अशक्य वाटावे इतके सद्गुण सांगणारी आणि विसंगत उत्तरे पकडणारी विधाने पेरलेली असतात.

त्याहून अवघड अडचण आत्मभानाची आहे. क्लेक्लींच्या लक्षणांत आत्मभानाचा अभाव हे एक लक्षण होतेच. अपराधी वाटणे म्हणजे काय हे ज्याने कधी अनुभवलेच नाही, तो ‘मला अपराधी वाटते’ या विधानाला प्रामाणिकपणे होकार देऊ शकतो. पकडले गेल्याची चडफड त्याला पश्चात्ताप वाटते.

खरा वाद मात्र मोजायचे काय यावर आहे. लिलियनफेल्ड यांच्या शोधिकेत निर्भयता, लोकांवर छाप पाडणे, ताणातही शांत राहणे हे गुण एका घटकात एकत्र येतात. क्रिस्टोफर पॅट्रिक यांच्या त्रिघटक प्रश्नावलीतही (५८ विधाने) क्षुद्र निर्दयता आणि बेलगामपणा यांच्या जोडीला धाडस आहे. मिलर आणि लायनम यांच्यासारखे टीकाकार विचारतात, की समाजविघातक वर्तनाशी ज्याचा संबंध जेमतेमच आहे, तो गुण सायकोपॅथीचा गाभा कसा? समर्थक क्लेक्लींकडे बोट दाखवतात : चिंतेचा अभाव त्यांनीच नोंदवला होता, आणि तो वगळला तर उरते ती साधी गुंडगिरी. वाद शाब्दिक नाही. लेव्हन्सन श्रेणीवर, विशेषतः तिच्या दुसऱ्या भागात, वरचे गुण मिळवणारा माणूस बहुधा चिंताग्रस्त निघतो. धाडसाच्या घटकावर वरचे गुण मिळवणारा निर्धास्त. दोघांनाही ‘सायकोपॅथिक’ म्हणणाऱ्या दोन शोधनिबंधांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर दोष निष्कर्षांचा नसतो.

स्वनिवेदनाचे गुण हे निदान नव्हे. ‘इतक्या गुणांच्या वर सायकोपॅथ’ अशी सर्वमान्य रेषा या प्रश्नावल्यांना नाही, कारण त्या गुणविशेष कमी-अधिक प्रमाणात सर्वांतच असतात असे धरून चालतात. तरीही घाईच्या संशोधनात त्या आखूड होत चालल्या आहेत. आत्मप्रीती, कावेबाजपणा आणि सायकोपॅथी या ‘काळ्या त्रयी’साठी २०१० मध्ये आलेल्या एका श्रेणीत एकूण १२ विधाने आहेत, म्हणजे सायकोपॅथीच्या वाट्याला अवघी चार. त्यांत निर्दयता कशीबशी मावते. बेलगामपणा बहुतांशी निसटतो.