मूळ मापात छपाई: ते चार टक्के जातात कुठे?

ओळखपत्राची पीडीएफ ए-४ कागदावर छापा आणि त्यावर पट्टी ठेवा. ८५.६ मिलिमीटर रुंदीचं कार्ड बऱ्याचदा ८२च्या आसपास भरतं. फाइल बरोबर असते. मधेच कुणीतरी तिला कागदात 'बसवून' टाकलेलं असतं.

गोष्ट खिळ्यांच्या छपाईपासूनची आहे. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या टाइप फाउंड्र्यांनी (छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यांनी) अक्षरांचं माप मोजायला जो पॉइंट ठरवला, तो एका इंचात ७२.२७ वेळा बसायचा. पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगणाऱ्या अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेने ती अपूर्णांकाची कटकट मिटवून सरळ ७२ धरले. १९८४च्या अॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरही इंचाला ७२च ठिपके होते, म्हणजे पडद्यावरचा इंच आणि कागदावरचा इंच एकच. त्याच्या जोडीचा इमेजरायटर प्रिंटर १४४ ठिपक्यांनी छापायचा, बरोब्बर दुप्पट.

गणित बिघडलं ते १९८५च्या अॅपलच्याच लेझररायटर प्रिंटरने. त्याचे ठिपके इंचाला ३००, आणि ३००ला ७२ने पूर्ण भाग जात नाही. ठिपक्यांची चित्रं ओबडधोबड उमटू लागली. मग पेज सेटअपमध्ये चित्र ४ टक्के लहान करण्याचा पर्याय आला: तेवढं घटवलं की हिशोब २८८वर, म्हणजे ७२च्या चौपटीवर येतो. चित्र सुबक दिसावं म्हणून माप सोडलं, तेही राजरोस, चौकटीत टिक करून!

१९९३ मध्ये आलेल्या पीडीएफने ७२चाच हिशोब ठेवला. तिच्यात ए-४ पान म्हणजे साधारण ५९५ बाय ८४२ पॉइंट. माप असं फाइलमध्येच असतं. ते हरवतं छापताना. बहुतेक प्रिंटरना कागदाच्या अगदी कडेपर्यंत शाई पोचवता येत नाही, काही मिलिमीटर कोरे सोडावे लागतात. मजकूर कापला जाऊ नये म्हणून छपाईच्या चौकटीतला 'फिट' हा पर्याय पान आक्रसून घेतो. त्यात प्रिंटरच्या सेटिंगमध्ये अमेरिकी 'लेटर' हा कागद राहिला असेल तर आणखी घट. जर्मनीत १९२२ मध्ये ठरलेल्या ए-४ची उंची २९७ मिलिमीटर, लेटरची २७९. म्हणजे पान थेट ९४ टक्क्यांवर.

पुढे पीडीएफच्या १.६ या आवृत्तीत 'छापताना माप बदलू नको' अशी खूण फाइलमध्येच ठेवण्याची सोय झाली. तरी छापणाऱ्याने 'फिट' निवडलं की संपलंच. कपड्यांचे कटिंगचे नमुने पीडीएफमध्ये विकणारे म्हणूनच त्यात एक इंचाचा चौकोन देतात. आधी तेवढं एकच पान काढायचं, चौकोनाला टेप लावायची, आणि मगच बाकीची पानं सोडायची.