शर्टाची खळ आणि ब्रेन हॅमरेजनंतरची रिकव्हरी

आयसीयूबाहेर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, शेजारच्या बेडवरचे काका चालायला लागले, आमच्या बाबांना तेवढंच ब्लीडिंग होतं मग ते अजून का उठत नाहीत? वय, रक्ताची गाठ केवढी आणि मेंदूत कुठे यावर पुष्कळ ठरतं, पण सगळं नाही.

उरलेल्यातलं काही आईवडिलांकडून आलेल्या जीन्समध्ये असू शकतं, आणि त्याचा एक धागा कॅनडातल्या टोरांटोत सापडतो. ऑलिव्हर स्मिथीज हे संशोधक तिथे इन्सुलिनवर काम करत होते. प्रोटीन वेगळी करायला ती ओल्या कागदावर ठेवून विजेच्या प्रवाहाने पुढे सरकवतात, पण इन्सुलिन कागदाला चिकटून बसायचं, नीट पुढे सरकायचंच नाही, तेव्हा त्यांना लहानपणचं आठवलं की आई वडिलांच्या शर्टांना खळ घालायची आणि ती गार झाली की जेलीसारखी घट्ट व्हायची. मग त्यांनी स्टार्चचंच जेल केलं, त्यात माणसांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, तसाच चालवून पाहिला तर प्रत्येकाचे प्रोटीनचे पट्टे सारखे नाहीत! १९५५ ला हे छापून आलं. तो फरक हॅप्टोग्लोबिन या रक्तातल्या प्रोटीनचा होता, आईवडिलांकडून आलेला.

हे प्रोटीन फुटलेल्या लाल पेशींतून सुटलेलं हिमोग्लोबिन पकडून ठेवतं. मेंदूत रक्त सांडलं की तेच मोकळं हिमोग्लोबिन आणि त्यातलं लोह आजूबाजूच्या पेशींची नासधूस करतं, म्हणून पुढे हॅप्टोग्लोबिनचा २-२ प्रकार (आई आणि वडील दोघांकडूनही २ नंबरचा जीन आलेला) असलेल्यांना जास्त त्रास होतो का हे तपासलं गेलं. काही अभ्यासांत हो आलं, काहींत नाही. आपल्याकडे हा प्रकार खूप कॉमन आहे, त्यामुळे हा प्रश्न मला आपला वाटतो.

दुसरा धागा एपीओई जीनचा, शरीरात चरबी वाहून नेणारं एक प्रोटीन बनवणाऱ्या जीनचा. १९९३ ला त्याचा ई४ प्रकार अल्झायमरशी जोडला गेला आणि १९९७ मध्ये ग्लासगोत डोक्याला मार लागलेले ९३ पेशंट बघितले, तर ई४ असलेल्यांपैकी ५७ टक्के लोकांची अवस्था सहा महिन्यांनी वाईट होती, बाकीच्यांत २७ टक्के. हॅमरेजमध्ये मात्र चित्र इतकं सरळ निघालं नाही.

कारण जीन असणं वेगळं आणि तो चालू असणं वेगळं. जीन चालू-बंद कसे होतात याच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९४२ लाच वापरला होता, मेंदूच्या इजेशी त्याची सांगड खूप उशिरा बसली. डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा, हिस्टोन या प्रोटीनभोवती डीएनएची घट्ट-सैल गुंडाळी, यावर सूज किती वाढेल हेही अवलंबून असतं. फिटवरचं जुनं औषध व्हॅल्प्रोएट ती गुंडाळी सैल करतं आणि हॅमरेज झालेल्या उंदरांत त्याने सूज कमी झाली, पण माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, म्हणून जीन टेस्ट करून बाबा कधी उठतील ते सांगतो असं कुणी म्हणालं तर कृपया ते पैसे फिजिओथेरपीसाठी राखून ठेवा.