घातांकी वितरणाची स्मृतिहीनता

एखादी घटना घडण्याची वाट पाहण्यात आधी किती काळ गेला याचा, पुढे आणखी किती थांबावे लागेल याच्या संभाव्यतेवर काहीच परिणाम होत नसेल, तर त्या प्रतीक्षाकाळाचे वितरण स्मृतिहीन असते. प्रतीक्षाकाळ क्ष मानल्यास, अ आणि ब या कोणत्याही धन कालावधींसाठी (सं म्हणजे संभाव्यता, उभ्या रेघेनंतरची गोष्ट म्हणजे आधीच घडलेली अट)

सं(क्ष > अ + ब | क्ष > अ) = सं(क्ष > ब)

घातांकी वितरणात दर द (म्हणजे १ भागिले सरासरी प्रतीक्षा) असेल तर सं(क्ष > अ) = ई^(−दअ), येथे ई ≈ २.७१८. सशर्त संभाव्यतेच्या व्याख्येप्रमाणे ई^(−द(अ+ब)) ला ई^(−दअ) ने भागले की ई^(−दब) उरते, सिद्धता एवढीच. अधिक मोलाचे आहे ते याचे उलट विधान: धन मूल्ये घेणाऱ्या संतत वितरणांत हा गुणधर्म फक्त घातांकी वितरणालाच असतो. काळ टप्प्याटप्प्याने मोजला, उदाहरणार्थ फाशावर पहिला सहा पडेपर्यंतच्या फेका, तर हा मान भौमितिक वितरणाकडे जातो.

सूत्र वाचताना एक घोटाळा हमखास होतो. उजवीकडे सं(क्ष > ब) आहे, सं(क्ष > अ + ब) नाही. सरासरी प्रतीक्षा १० मिनिटांची असून २० मिनिटे उलटली असतील, तर एकूण ३० मिनिटांपलीकडे थांबावे लागण्याची संभाव्यता सुमारे ०.३७ असते. सुरुवातीला तीच सुमारे ०.०५ होती. म्हणजे गेलेला काळ एकूण काळाच्या अंदाजात मोजला जातोच. बदलत नाही तो फक्त उरलेल्या काळाचा अंदाज.

निसर्गातले चोख उदाहरण किरणोत्सारी ऱ्हासाचे. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे. त्याचे एखादे अणुकेंद्रक आत्ता तयार झालेले असो वा हजारो वर्षे टिकलेले, पुढच्या ५,७३० वर्षांत त्याचा ऱ्हास होण्याची संभाव्यता निम्मीच. झिजणाऱ्या वस्तूंचे तसे नसते, त्यामुळे पाठ्यपुस्तकांतला विजेच्या दिव्याचा लाडका दाखला फारसा पटणारा नाही. माणसाचे आयुर्मान तर मुळीच स्मृतिहीन नाही: प्रौढपणी मृत्यूचा धोका वयाबरोबर घातांकी वेगाने वाढतो, हे बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्येच मांडले होते.

रांगांच्या सिद्धांतात सेवेचा काळ घातांकी मानला की या गुणधर्मामुळे गणित फार सुटसुटीत होते, कारण प्रत्येक ग्राहकाची सेवा केव्हा सुरू झाली याची नोंद ठेवावी लागत नाही. संतत काळातील मार्कोव्ह साखळीत (जिथे पुढची वाटचाल फक्त आत्ताच्या अवस्थेवर अवलंबून असते) एका अवस्थेतला मुक्काम घातांकी असावाच लागतो, तोही याच कारणाने.