स्की हिलवर स्वयंसेवक व्हायचंय? तयारी बर्फ वितळायच्या आत सुरू करा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, डोंगरावर नुकताच पांढरा थर बसला होता, तेव्हा मी स्की हिलच्या ऑफिसात फोन केला. पॅट्रोलमध्ये, म्हणजे उतारांवर जखमींना मदत करणाऱ्या पथकात, स्वयंसेवक म्हणून यायचंय, असं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी अगदी आपुलकीने विचारलं, "म्हणजे पुढच्या हिवाळ्यासाठी ना?" मी तर येत्या शनिवारी लाल जॅकेट घालून लिफ्टपाशी उभं राहायच्या तयारीत होतो.

या प्रक्रियेत बहुतेक लोक इथेच फसतात. काम हिवाळ्यातलं, म्हणून अर्जही हिवाळ्यातच करायचा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उमेदवारांची निवड हंगाम संपताना म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये होते, प्रथमोपचाराचा कोर्स उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो, आणि बर्फ पडेपर्यंत लेखी परीक्षा उरकलेली असते. खालची सगळी माहिती अमेरिकेतल्या पद्धतीची आहे. प्रत्येक स्की हिलचे स्वतःचे नियम असतात, तेव्हा शेवटचा शब्द तिथल्या पॅट्रोल डायरेक्टरचा.

आधी ठरवा, नेमकं काय व्हायचंय

'स्वयंसेवक' या एका शब्दाखाली दोन-तीन अगदी वेगळी कामं येतात. सगळ्यात सोपं दार माउंटन होस्टचं. नकाशा दाखवणं, चुकलेल्या मुलांना आईबापांपाशी पोचवणं, लिफ्टची रांग सांभाळणं, कोणी पडलेलं दिसलं तर दोन स्की रोवून फुली करून जागा दाखवणं आणि पॅट्रोलला रेडिओवर कळवणं. यासाठी स्कीइंग बऱ्यापैकी यावं लागतं, वैद्यकीय प्रशिक्षण मात्र थोडक्यात भागतं. दिव्यांगांना स्कीइंग शिकवणाऱ्या संस्थांनाही स्वयंसेवक लागतात. त्यांचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि त्यांना शिकवण्याची हातोटी असलेले, धीराचे लोक हवे असतात.

आणि तिसरं दार स्की पॅट्रोलचं. जखमी माणसाला तपासणं, हाडाला आधार बांधणं, टोबोगनमध्ये (बर्फावरून ओढायच्या घसरगाडीत) घालून तीव्र उतारावरून खाली आणणं, सकाळी उतार उघडण्याआधी दोऱ्या-खांब लावणं आणि संध्याकाळी शेवटचा माणूस खाली गेला याची खात्री करत सगळा डोंगर झाडून काढणं. या शेवटच्या फेरीला 'स्वीप' म्हणतात. हा लेख मुख्यतः या तिसऱ्या दाराबद्दल आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त.

बहुतेक ठिकाणचे पॅट्रोलर नॅशनल स्की पॅट्रोल या संस्थेचे सदस्य असतात. तिच्या जन्माची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. 1936 च्या जानेवारीत चार्ल्स मिनॉट डोल नावाच्या गृहस्थांचा घोटा व्हरमाँटमधल्या स्टो इथे मोडला. मदतीची काही व्यवस्थाच नव्हती. मित्रांनी छपराचा पत्रा शोधून आणला आणि त्यावर घालून त्यांना खाली ओढत नेलं. त्या मित्रांपैकी फ्रँक एडसन त्याच वर्षी एका स्की शर्यतीत जखमी होऊन मरण पावले. डोल यांनी मग हा विषय सोडला नाही आणि 1938 साली राष्ट्रीय पातळीवरची पॅट्रोल उभी राहिली. 1980 साली अमेरिकन काँग्रेसने तिला सनद दिली.

पात्रता

वयाची अट साधारण 18 पूर्ण. 15 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी यंग अ‍ॅडल्ट कार्यक्रम आहे, पण तो सगळ्या डोंगरांवर चालतोच असं नाही. वरची वयोमर्यादा नाही. साठी ओलांडलेले पॅट्रोलर सर्रास दिसतात आणि टोबोगन त्यांच्या हातात असला की विशीतल्या पोरांपेक्षा मला जास्त निर्धास्त वाटतं.

स्कीइंग किंवा स्नोबोर्डिंग किती यायला हवं? वेगाने खाली येता येतं, एवढ्याने भागत नाही. परीक्षकाला हवा असतो ताबा. खराब, खडबडीत, गोठलेल्या बर्फावर सावकाश उतरता येतं का, बाजूला घसरत सरळ रेषेत येता येतं का, सांगितल्या क्षणी थांबता येतं का, हे ते पाहतात. पुढे तुमच्या हातात टोबोगनचे दांडे असणार आणि आत पाय मोडलेला माणूस, म्हणून. चाचणीआधी वेग वाढवायचा सराव करू नका, हळू उतरायचा करा. ते जास्त अवघड आहे.

वेळ देण्याची तयारी ही खरी पात्रता. हंगामात पंधरा-वीस दिवस मागणारी ठिकाणं पुष्कळ. त्यात नाताळची सुट्टी आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा लांब वीकेंड हमखास येतो. सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधी तास-दीड तास हजेरी. घरी लहान मुलं असतील तर हे आधी घरात बोलून घ्या, अर्ज नंतर.

व्हिसावर असाल तर इथे थांबून वाचा

ही गोष्ट अर्जाच्या फॉर्मवर कुठेच लिहिलेली नसते, म्हणून सविस्तर सांगतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर प्रश्न नाही. एच-1बी (नोकरीचा), एच-4 (त्याच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-1 (विद्यार्थ्याचा) व्हिसावर असाल, तर 'पगार घेत नाही, मग काय हरकत?' एवढ्यावर विसंबू नका. बरेचसे स्की हिल नफ्यासाठी चालवलेल्या कंपन्यांचे आहेत, आणि अमेरिकेच्या कामगार कायद्यात नफा कमावणाऱ्या खासगी कंपनीसाठी फुकट काम करण्याची कल्पनाच मुळात अडचणीची आहे. शिवाय पॅट्रोलरला हंगामाचा पास मिळतो, कधी कुटुंबालाही मिळतो. पास ही किमती वस्तू आहे, आणि इमिग्रेशनच्या नजरेत मोबदला फक्त पैशातच असावा लागत नाही. काही ठिकाणी तर विम्याच्या सोयीसाठी स्वयंसेवकांना नाममात्र वेतनावर घेतात. मग आय-9 फॉर्म (नोकरी करण्याचा हक्क असल्याची नोंद) भरावा लागतो आणि तुम्ही सरळ सरळ नोकर ठरता.

म्हणून दोन गोष्टी विचारून घ्या. पॅट्रोल ही वेगळी ना-नफा संस्था आहे की रिसॉर्टचाच विभाग? आणि स्वयंसेवकाला काय काय मिळतं? ही उत्तरं घेऊन इमिग्रेशन वकिलाकडे जा आणि त्यांचं मत लेखी घ्या. प्रथमोपचाराचे कोर्स मात्र कोणीही करू शकतं, त्याला हा काच नाही.

कागदपत्रे

यादी लांब नाही. सरकारी फोटो ओळखपत्र, तातडीच्या संपर्काची माहिती, जबाबदारीमुक्तीचा सही केलेला कागद (18 खालच्यांसाठी पालकांची सही), दोन-तीन ओळखीच्यांची नावं. पार्श्वभूमी तपासणीसाठी संमती बहुतेक ठिकाणी मागतात, कारण काम लहान मुलांशीही येतं. आधीची कुठलीही वैद्यकीय प्रमाणपत्रं असतील तर त्यांच्या प्रती जोडा. डॉक्टर, नर्स, पॅरामेडिक किंवा ईएमटी (अँब्युलन्सवरचे प्रशिक्षित कर्मचारी) असाल तर हे ठळकपणे सांगा. अशांना पूर्ण कोर्सऐवजी थेट परीक्षा देण्याची सवलत मिळू शकते. परीक्षा सोपी समजू नका, बर्फावर टोबोगन बांधायचं मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट: सगळीकडे नाव एकसारखं लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, पासपोर्टवर एक, लायसन्सवर दुसरं. सीपीआरच्या (छाती दाबून हृदय चालू ठेवण्याच्या प्रशिक्षणाच्या) कार्डावर तिसरंच छापून आलं की ऑनलाइन नोंदीशी ते जुळत नाही आणि पत्रव्यवहारात आठवडे जातात.

कॅलेंडर

फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये पॅट्रोलला मेल करायचा. हंगाम संपायच्या आत स्की चाचणी आणि गप्पावजा मुलाखत. निवड झाली की तुम्ही 'कँडिडेट'. नॅशनल स्की पॅट्रोलकडे ऑनलाइन नोंदणी करून वर्गणी भरायची. ती एकरकमी दिसली तरी तिच्यात राष्ट्रीय, विभागीय अशा थरांचे वाटे असतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास आउटडोअर इमर्जन्सी केअर, म्हणजे ओईसीचा कोर्स सुरू. सोबत व्यावसायिक बचावकर्त्यांच्या पातळीचा सीपीआर आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कोर्स. साधा, घरगुती सीपीआर चालत नाही. बर्फ पडल्यावर टोबोगनचं प्रशिक्षण, रिकामा, मग माणूस बसवलेला. ते पास झालं की जॅकेटवर पांढरा क्रॉस. काहींना हे एका हिवाळ्यात जमतं, काहींना दोन लागतात, आणि दोन लागले तर त्यात कमीपणा नाही.

ओईसी वेगळं, वाइल्डरनेस फर्स्ट एड वेगळं

बरेच जण आधी दोन दिवसांचा वाइल्डरनेस फर्स्ट एडचा कोर्स करतात आणि ते कार्ड घेऊन पॅट्रोलकडे जातात. पॅट्रोलला ते कार्ड चालत नाही, त्यांना ओईसीच हवं. ओईसी ऐंशी तासांच्या घरातला किंवा त्याहून मोठा कोर्स आहे, जाड पुस्तक, ऑनलाइन धडे, लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा. त्यात ऑक्सिजन, मानेची कॉलर, पाठीखालची फळी (बॅकबोर्ड), हाडाला आधार देणारं स्प्लिंट अशी साधनं हाताशी आहेत आणि अँब्युलन्स पायथ्याशी येणार, हे गृहीत असतं.

वाइल्डरनेस फर्स्ट एडचं गृहीतक उलटं. दवाखाना तासाभरापेक्षा लांब आहे, हाताशी आहे ती तुमची पाठपिशवी, आणि रात्र होत आली आहे. मग प्रश्न बदलतात. दुखापत काय आहे याबरोबरच हा माणूस स्वतः चालत खाली जाईल का, इथेच थांबवायचं का, मदतीला कोणाला पाठवायचं, हे ठरवावं लागतं. कोर्स साधारण 16 ते 20 तासांचा, शनिवार-रविवारात बसणारा. नोल्स ही या क्षेत्रातली जुनी संस्था, त्यांच्या कोर्सला किमान वय 16 आणि कार्ड दोन वर्षं चालतं. सोलो, वाइल्डरनेस मेडिकल असोसिएट्स या संस्थांचेही कोर्स होतात. पुढची पायरी वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर, 70 ते 80 तासांची, मोहिमांचं नेतृत्व करणाऱ्यांसाठी. सीपीआर कोर्समध्येच आहे की वेगळा करावा लागेल, हे फी भरण्याआधी पाहा.

दोन दिवसांतला बराच वेळ एकाच गोष्टीवर जातो, आणि ती म्हणजे रुग्णाची क्रमवार तपासणी. आधी जागा सुरक्षित आहे का, हातमोजे घातले का. मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. मग डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवत तपासणी. नंतर सहा प्रश्न: काय होतंय, कशाची अ‍ॅलर्जी, कुठली औषधं, पूर्वीचे आजार, शेवटचं खाणंपिणं कधी, आणि हे घडलं कसं. सगळं वेळेसकट कागदावर. हे पाठ केल्यासारखं कंटाळवाणं वाटतं. पण प्रत्यक्षात कोणी किंचाळत असताना डोकं चालत नाही, तेव्हा हात ज्या क्रमाने सवयीने फिरतात, तो क्रमच उपयोगी पडतो. मोडलेला पाय समोर लोंबकळताना दिसतो, सगळे तिकडेच पाहतात, आणि जॅकेटच्या आतलं रक्त कोणी पाहत नाही. तपासणीचा क्रम आहे तो यासाठी.

थंडीचे धडे तर स्की हिलवर रोज लागू होतात. शरीराचं आतलं तापमान 35 अंश सेल्सियसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. माणूस अडखळतो, पुटपुटतो, बटण लावता येत नाही. ओले कपडे काढा, जमिनीपासून वेगळं करा, स्लीपिंग बॅग आणि प्लास्टिकच्या कापडात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम प्यायला द्या. गोठलेली बोटं बर्फाने चोळायची नाहीत. 37 ते 39 अंशांच्या पाण्यात ऊब द्यायची, पण ती पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तरच. पुन्हा गोठली तर नुकसान आधीपेक्षा जास्त. हा शेवटचा भाग माहीत नसलेले उत्साही लोक मी पाहिले आहेत.

मग पॅट्रोलवाल्याने हा कोर्स करावाच का? मी म्हणेन, करा, पण ओईसी झाल्यावर. डोंगराच्या हद्दीबाहेर, मित्रांबरोबर, टोबोगनशिवाय असताना लागतं ते इथे मिळतं. हद्दीबाहेर जाणारच असाल तर हिमस्खलनाचा पहिल्या पातळीचा तीन दिवसांचा कोर्सही करा. प्रथमोपचाराचं कुठलंही कार्ड त्याची जागा घेत नाही.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर

ओईसीचं दरवर्षी, सहसा शरद ऋतूत, रिफ्रेशर होतं. अभ्यासक्रम तीन भागांत वाटलेला आहे, दर वर्षी एक भाग, म्हणजे तीन वर्षांत सगळी उजळणी. ते चुकलं तर त्या हंगामात ड्युटी नाही. सीपीआरचं कौशल्यही दरवर्षी दाखवावं लागतं, कार्डावरची मुदत दोन वर्षांची असली तरी. मदत करताना काही चुकलं तर काय, याचं उत्तर प्रत्येक राज्याच्या कायद्यात वेगळं आहे. वाटेत भेटलेल्याला मदत करणारा आणि ड्युटीवरचा पॅट्रोलर यांना कायदा एकाच मापाने मोजेलच असं नाही. तुम्ही स्वतः पडलात तर विमा कोणाचा, हेही सही करण्याआधी विचारा. मला हे तिसऱ्या वर्षी सुचलं.

पहिला मेल

पॅट्रोलचा पत्ता रिसॉर्टच्या संकेतस्थळावर 'पॅट्रोल' किंवा 'एम्प्लॉयमेंट' या पानावर असतो. मेल लांबवू नका. किती वर्षं स्की करता आणि कुठल्या रंगाच्या उतारांवर (उतार किती अवघड ते रंगाने दाखवतात), कुठले वार मोकळे आहेत, सध्या कुठलं प्रमाणपत्र आहे किंवा नाही, आणि चाचणी कधी असते, एवढं पाच ओळींत बसतं. आठवड्यात उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहा, किंवा सरळ एखाद्या मंगळवारी डोंगरावर जाऊन पॅट्रोलच्या खोलीचं दार वाजवा. शनिवारी जाऊ नका, शनिवारी ते कोणाचा तरी गुडघा बांधत असतात.