शिकाऊ चालकाचा सोबती (नागपूर)

लर्निंग लायसन्स, म्हणजेच शिकाऊ परवाना असलेली व्यक्ती मोटार चालवत असताना शेजारच्या डाव्या सीटवर बसून तिच्यावर लक्ष ठेवणारा, पक्का परवाना असलेला माणूस. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे काम मास्तर करतात, घरी बाबा, काका, मोठी ताई किंवा नवरा-बायकोपैकी जो आधी शिकला असेल तो. नागपुरात पुष्कळ जण आधी स्कूलचे २१ दिवस पुरे करतात आणि मग हात बसावा म्हणून घरची गाडी काढतात. ही नोंद मुख्यतः या दुसऱ्या टप्प्याची आहे. स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली क्लच-ब्रेकची दुसरी जोडी असते, नियमानेच ती लागते. घरच्या गाडीत सोबत्याच्या पायाखाली नुसते पायपुसणे असते, आणि हे काम त्याला कोणी शिकवलेलेही नसते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ नुसार शिकाऊ चालकाला एकट्याने गाडी चालवता येत नाही. त्या प्रकारच्या वाहनाचा चालू परवाना असलेली व्यक्ती सोबत हवी, आणि ती गाडीवर ताबा घेऊ शकेल किंवा गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. म्हणून फक्त दुचाकीचा परवाना असलेला भाऊ कारमध्ये सोबती ठरत नाही, आणि मागच्या सीटवर बसलेले काका तर मुळीच नाहीत. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ लागते : पाटी किमान १८ सेंमी चौरस, अक्षर किमान १० सेंमी उंच. काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेले बोटभर स्टिकर या मापात बसत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी तो मिळाल्यानंतर ३० दिवसांनी देता येते. सोबत्याचे काम या मधल्या काळातले.

ब्रिटनमध्ये सोबत्याचे वय किमान २१ असावे लागते आणि त्याच्याकडे तीन वर्षांपासून परवाना असावा लागतो. आपल्या नियमात अनुभवाची अशी अट नाही. ती घरच्यांनी स्वतःच घालून घ्यावी. मागच्या महिन्यात परवाना मिळालेला मित्र कायद्याला चालत असला तरी सोबती म्हणून योग्य नाही.

विम्याचा संबंधही इथेच येतो. खासगी कारच्या पॉलिसीतील चालकाविषयीचे कलम शिकाऊ परवानाधारकाला मान्यता देते, पण नियम ३ पाळला असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंह प्रकरणात शिकाऊ परवाना हाही परवानाच असल्याचे मान्य केले. तरी सोबती नसताना किंवा पाटी नसताना अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर वाद उभा राहू शकतो.

घरच्या गाडीत सोबत्याच्या हाताला लागणारे खरे साधन म्हणजे दोन सीटांमधला हँडब्रेक. तो मागच्या चाकांवर काम करतो. वेगात असताना एकदम खेचला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरू शकते, म्हणून बटण दाबून धरून तो हळूहळू वर घ्यायचा. हा सराव सोबत्याने मोकळ्या जागी आधी स्वतः करावा. काही नव्या गाड्यांत हँडब्रेकऐवजी नुसते बटण असते. ते डाव्या सीटवरून हाताला येते का आणि चालत्या गाडीत दाबल्यावर काय होते, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. चालती गाडी किल्ली फिरवून बंद करू नये. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

उजव्या हाताला बसलेल्या नवख्याला गाडीच्या डाव्या अंगाचा अंदाज नसतो. तो स्वतःला लेनच्या मधोमध ठेवतो, आणि त्यामुळे गाडी डावीकडे सरकते. नागपुरात याचे मोल मोठे आहे. अनेक सिमेंट रस्त्यांची कड बाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे, चाक उतरले की गाडीला हिसका बसतो आणि घाबरून स्टिअरिंग उलटे ओढले जाते. त्याच डाव्या बाजूला सायकलवाले, थांबलेले ई-रिक्षा आणि भाजीचे ठेले असतात. सोबती नेमका त्या बाजूला बसलेला असतो, तेव्हा डावी कड ही त्याची पहिली जबाबदारी.

बाकी सगळे काम बोलण्याचे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. सूचना बोलायला एक सेकंद आणि ती समजून पाय हलायला दुसरा धरला, तरी २२ मीटर गेलेले असतात. म्हणून चौकाची सूचना चौकात देऊन उपयोग नाही. आधी जागा सांगावी, मग कृती : “त्या मेडिकलच्या पुढे, डावीकडे.” शब्द आधीच ठरवून घ्यावेत, “थांब” म्हणजे फक्त ब्रेक आणि क्लच, दुसरे काही नाही. “अरे, अरे!” या ओरडण्यात कोणतीच सूचना नसते. चालक दचकून पाय दाबतो, आणि तो पाय त्या क्षणी अ‍ॅक्सिलेटरवर असू शकतो. चूक झाली तर गाडी कडेला लावून, इंजिन बंद करून बोलावे. मागे आई, आत्या, लहान भाऊ बसवू नयेत. तीन तोंडांच्या सूचनांतली एकही धड कानावर पडत नाही.

नात्याची अडचण खरी असते. सुनेला सासऱ्यांना “बाबा, पुन्हा नीट सांगा” म्हणणे जड जाते, ती न समजताच मान हलवते. पन्नाशीत गाडी शिकणाऱ्या आईला मुलगा शिकवतो तेव्हा त्याचा आवाज कधी चढतो ते त्यालाही कळत नाही, आणि आई दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावत नाही. मोठ्यांना सूचना द्यायची तरी आदरार्थीच द्यावी. “क्लच दाबा” म्हणायला “दाब”पेक्षा वेळ लागत नाही.

सरावाला पहिली जागा नव्या लेआउटची. बेसा, मनीषनगरच्या पुढे प्लॉट पडलेले, रस्ते झालेले, पण घरे अजून विरळ असलेले भाग आहेत. सार्वजनिक रस्ता असल्याने नियम तिथेही लागतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पहाटेच निघावे; पण फुटाळा, अंबाझरीकडे त्या वेळी फिरायला आलेल्यांची गर्दी असते, तिकडे नवख्याला नेऊ नये. नागपूर सपाट, त्यामुळे चढावर हाफ क्लचचा, म्हणजे क्लच अर्धा सोडून गाडी मागे न घसरू देण्याचा, सराव राहून जातो. त्यासाठी सेमिनरी हिल्सचा चढ कामी येतो. नंतर रविवारी सिव्हिल लाइन्स, मग ट्रकची वर्दळ असलेला रिंग रोड. वर्धा रोड आणि सेंट्रल अव्हेन्यूवर यू-टर्न घेताना मेट्रोचे खांब समोरून येणारी गाडी झाकतात. तिथे सोबत्याने पुढे झुकून स्वतः पाहावे. वर्धा रोडच्या दुमजली उड्डाणपुलावर मध्येच थांबता येत नाही, म्हणून चौथ्या गिअरपर्यंत हात बसल्यावरच तिकडे जावे. इतवारी-महालच्या गल्ल्या सर्वांत शेवटी.

दुचाकीलाही हाच नियम लागतो, सोबत्याने मागे बसायचे आणि हेल्मेट दोघांनाही. पण मागून स्कूटीचा ब्रेक हाताला येत नाही, त्यामुळे इथे देखरेख फार तोकडी पडते.

पक्का परवाना मिळाला की कायद्यातली सोबत संपते. हिवाळ्यात शिकलेल्याने मात्र अजून नागपूरचा पाऊस गाडीतून पाहिलेला नसतो. आतून धुरकटलेल्या काचेवर एसीची हवा कशी सोडायची, ओल्या सिमेंटवर ब्रेक किती आधी लावायचा, आणि नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचले असेल तर गाडी आत न घालता कुठून वळवायची, हे शिकवायला पहिल्या एक-दोन पावसांत जुन्या सोबत्याने पुन्हा शेजारी बसावे.