मॅनाटीचे पाण्याखाली फोटो : छोट्या सफरीला निघण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कितीतरी घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे निघालेली मंडळी आमच्याकडून पाण्याखालचा कॅमेरा भाड्याने नेतात आणि फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हर गावी मॅनाटी, म्हणजे पाण्यात राहणारा, गवत खाणारा मोठा सस्तन प्राणी, बघायला जातात. तिथे हाती लागतात दोन सकाळी, फार तर तीन. तेवढ्यात मनासारखा फोटो मिळावा आणि त्या मुक्या जनावराला त्रास होऊ नये, यासाठी हे पत्रक. कन्नडमधले पत्रकही दुकानात आहे, शेजाऱ्यांसाठी जरूर घेऊन जा.

आधी तारखांचे बघा

आपल्याकडचे आईवडील बहुधा एप्रिल-मेमध्ये मुलांकडे जातात. मॅनाटीसाठी तो हंगाम नव्हे. पाणी 20 अंश सेल्सियसच्या खाली गेले की या प्राण्याला ते फार काळ सोसत नाही. हिवाळ्यात समुद्र गार पडला की तो नदीतल्या झऱ्यांकडे येतो, कारण झऱ्याचे पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपास असते. तिथला मॅनाटी हंगाम 15 नोव्हेंबर ते 31 मार्च. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारीत, थंडीची लाट आली असेल तेव्हा, किंग्ज बे आणि थ्री सिस्टर्स स्प्रिंग्ज या भागात ते दाटीने विसावलेले असतात. उन्हाळ्यात बरेचसे किनाऱ्याने पांगतात. तिकीट काढण्याआधी मुलाशी-सुनेशी हे बोलून घ्या. फार कडक थंडीत त्यांना निवांत पडू द्यावे म्हणून झरे पोहणाऱ्यांना बंदही ठेवतात. एक दिवस हाताशी जास्तीचा हवाच.

मालवणला दिसेल का, असे बरेच जण विचारतात. नाही. मॅनाटी भारतात नाही. त्याचा नातलग डुगाँग मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचे आखात आणि अंदमान इथे आहे, पण तो फार थोडा उरला आहे आणि दिसणे दुर्मीळ.

पाठलाग नाही

या पत्रकातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: तुम्ही स्थिर राहा, मॅनाटीला येऊ द्या. पूर्ण वाढलेला मॅनाटी सुमारे 3 मीटर लांब आणि साडेचारशे किलोच्या घरात असतो. मलप्रभेच्या डोहात डुंबणाऱ्या म्हशीसारखा तो संथ दिसतो, पण घाबरला की शेपटीच्या एका फटक्यात निघून जातो. मागे तळाचा गाळ तेवढा उरतो आणि पुढची पंधरा मिनिटे कुणालाच काही दिसत नाही. मागे पोहत गेलात तर फोटोत शेपूटच येणार.

शिवाय हा कायद्याचा प्रश्न आहे. अमेरिकेत 1972 आणि 1973 च्या कायद्यांनी मॅनाटीला संरक्षण आहे. पाठलाग करणे, डिवचणे, पाठीवर बसणे, खाऊ घालणे किंवा पाणी पाजणे, आई आणि पिलाच्या मध्ये जाणे, हे सगळे गुन्ह्यात येते. दोरीने आखलेल्या राखीव भागात तर पाऊलही टाकायचे नाही. पोहण्याचा रबरी पोशाख (वेटसूट), मास्क आणि श्वास घ्यायची नळी (स्नॉर्कल) बहुतेक बोटवालेच देतात. पोशाख अंगात असला की माणूस आपोआप तरंगतो. पाय हलवू नका, उभे राहू नका, हात छातीशी धरा.

मग नजर ठेवायची ती श्वासावर. तळाशी झोपलेला मॅनाटी काही मिनिटांनी श्वासासाठी हळूच वर येतो. आरामात असला तर वीस मिनिटेही खाली राहतो. तो वर येतो त्या वाटेच्या बाजूला थांबा. नाकपुड्यांची झाकणे पाण्याबाहेर उघडतात, ओठांवरचे राठ केस दिसतात, वल्ह्यासारख्या पुढच्या हातांवर नखे दिसतात. हत्तीचा तो दूरचा नातलग, हे ती नखे पाहून पटते. पिलू आईच्या काखेत तोंड घालून दूध पीत असेल तर लांबूनच टिपा. पाठीवर समांतर पांढरे व्रण दिसतील, ते बोटींच्या पंख्यांचे. तिथले अभ्यासक अशाच व्रणांवरून एकेक मॅनाटी ओळखतात. म्हणून केवळ चेहरा टिपून थांबू नका, पाठ आणि शेपूटही घ्या.

कॅमेऱ्याबद्दल

आमच्याकडे गोप्रो आहेत आणि ऑलिंपस टीजी-6 आहे. इथे खोल जायचेच नसते, त्यामुळे दोन्ही पुरेसे आहेत. आमचा आग्रह रुंद कोनाच्या (वाइड) लेन्सचा. पाण्याचा थर जितका जास्त तितका फोटो धुरकट आणि निळा-हिरवा होतो, कारण पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषते. म्हणून झूम वापरू नका. मॅनाटी आपणहून जवळ येतो तेव्हा रुंद लेन्सच कामी येते. व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत यासाठीची सेटिंग) पाण्यात उतरल्यावर ठरवा, जमत असेल तर रॉ फाइल (नंतर रंग सुधारता येणारी मूळ फाइल) ठेवा. फ्लॅश बंद. जनावर दचकते, शिवाय पाण्यातले कण पांढरे ठिपके होऊन सगळा फोटो बिघडवतात. शटरचा वेग 1/200 सेकंदाच्या आसपास ठेवा. मॅनाटी संथ असला तरी आपण लाटांवर हलत असतो. पहाटेच्या पहिल्या बोटीला पाणी नितळ आणि गर्दी कमी असते, पण उजेड नसतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवून घ्या. ऊन झऱ्यात उतरू लागले की खरे रंग दिसतात.

वॉटरप्रूफ केस वापरणार असाल तर झाकणाच्या कडेच्या रबरी गोल पट्टीकडे (ओ-रिंग) डोळ्यात तेल घालून बघा. तिच्यात डोक्याचा एक केस अडकला तरी पाणी आत शिरते. रिंग बोटाने चाचपा, सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट लावा. मग कॅमेरा न घालता आत टिश्यू पेपर ठेवून केस बंद करा, बादलीत बुडवा, सगळी बटणे दाबून बघा. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. दुकानात आम्ही हे तुमच्यासमोर करून दाखवतो, पण तिथे पोहोचल्यावर तुम्हाला पुन्हा करायचे आहे.

सराव इथेच करा. गोवावेसच्या पोहण्याच्या तलावावर परवानगी काढून एखाद्या सकाळी पाण्यावर तरंगत, श्वास शांत ठेवून कॅमेरा धरण्याची सवय करा. तारकर्लीला जाणार असाल तर फारच उत्तम.

पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनी मन खट्टू करू नये. थ्री सिस्टर्सच्या काठाने लाकडी वाट आहे, तिथून खाली मॅनाटी दिसतात. जवळच होमोसासा स्प्रिंग्ज उद्यानात पाण्याखाली बांधलेले निरीक्षणगृह आहे. अंग न भिजवता काचेतून फोटो घेता येतो. कॅमेरा काचेला टेकवा म्हणजे प्रतिबिंब येत नाही.

देणे-घेणे

जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, मोठ्या सामानात चालत नाहीत. पाण्यातून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत थोडा वेळ बुडवून ठेवा, पुसा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच उघडा. कॅमेरा नेताना ओळखपत्राची झेरॉक्स आणि अनामत लागते. परत तपासून घेतल्यावर अनामत लगेच मिळते. डिसेंबर-जानेवारीसाठी कॅमेरा हवा असेल तर दिवाळीआधी सांगून ठेवा.