कवचाआडची कीड

कोल्हापुरात उन्हाळा चढू लागला की ताराबाई पार्कातल्या बंगल्यांपासून राजारामपुरीतल्या गॅलऱ्यांपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते: जास्वंदीची किंवा सोनचाफ्याची पाने चिकट झाली आहेत, त्यांवर काजळी धरली आहे, कुंडीखालची फरशी पायाला चिकटते आणि मुंग्यांची रांग काही केल्या हटत नाही. बहुतेक जण मुंग्यांवर पावडर टाकतात, पाने पुसून काढतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच पाहतात. खरा कारभार चालू असतो तो फांदीच्या खालच्या अंगाला आणि पानाच्या मधल्या शिरेलगत, जिथे तपकिरी किंवा राखाडी रंगाचे बारीक उंचवटे चिकटून बसलेले असतात. ते सालीचाच भाग वाटतात, कारण त्यांना दिसण्यासारखे पाय नसतात, पंख नसतात आणि ते हलतही नाहीत. हीच खवले कीड.

ढेकूण, मावा आणि तुडतुडे ज्या मोठ्या गटात येतात त्याच गटातली ही कीड असून जगभरात तिच्या सुमारे 8,000 जाती नोंदल्या गेल्या आहेत. कुंड्यांमध्ये कापसासारखा पुंजका करून राहणारा पिठ्या ढेकूण हा तिचाच भाऊबंद, आणि ज्या लाखेच्या बांगड्या होतात ती लाख तयार करणारा किडाही याच कुळातला. मादी सोंडेसारखे बारीक तोंड झाडात खुपसून आयुष्यभर एकाच जागी रस शोषते. नर मात्र पंख फुटलेला, तोंडच नसलेला आणि एखाद-दुसरा दिवस जगणारा असतो. तो आपल्या दृष्टीस क्वचितच पडतो आणि कित्येक जातींत त्याच्यावाचूनही वंश चालतो.

उपाय ठरवण्याआधी कवचाखाली डोकावून पाहावे. नखाने किंवा टाचणीच्या टोकाने एक खवला अलगद उचलावा. वरची टोपी सहज सुटली आणि खाली पिवळसर, मऊ, बिनपायांचा किडा झाडाला तसाच चिकटून राहिला, तर ती कठीण कवचाची खवले कीड होय; ही टोपी तिने मेण आणि स्वतःची टाकलेली कात यांपासून बनवलेली असते. टोपी आणि किडा वेगळे न होता सगळेच एकदम निघाले आणि रस फुटला, तर ती मऊ खवले कीड. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण चिकटा सोडते ती फक्त मऊ जात. ती झाडाच्या अन्नवाहिनीतला रस पिते. त्यात साखर भरपूर आणि नत्रयुक्त घटक अगदी थोडे असल्याने तिला गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस प्यावा लागतो आणि उरलेली साखर ती गोड द्रावाच्या रूपाने बाहेर टाकते. त्या द्रावावर काळी बुरशी वाढते. बुरशी पानाच्या आत शिरत नाही, मात्र ऊन अडवते आणि पान निकामी करते. कठीण कवचाची कीड पेशींमधला रस शोषत असल्याने चिकटा सोडत नाही. तिच्यामुळे पानांवर पिवळे ठिपके पडतात आणि हळूहळू फांदीच वाळते. कण्हेर आणि सायकस यांवर बहुधा हीच आढळते.

खरे तर आपल्या भागाला ही कीड अनोळखी नाही. उसाच्या कांड्यांवर पाचटाखाली दडून बसणारी, राखाडी-काळपट थर धरणारी खवले कीड शेतकऱ्याला चांगली माहीत असते. तिच्यासाठी बेणे निवडून घेणे आणि वाळलेले पाचट काढून कांडी मोकळी करणे हे उपाय शिवारात पूर्वापार चालत आले आहेत. बागेलाही तेच लागू पडते. रोपवाटिकेतून आणलेले नवे रोप दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे आणि त्याच्या पानांची खालची बाजू रोज पाहावी.

फवारणी फसते ती वेळ चुकल्यामुळे. कवच पूर्ण झालेल्या मादीवर आणि तिच्या पोटाखालच्या अंड्यांवर औषध पोहोचतच नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू मात्र सहा पायांचे, उघडे आणि फिरते असते; बसायला जागा मिळेपर्यंतच्या काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ते वाऱ्याने किंवा आपल्या कपड्यांना चिकटूनही दुसऱ्या झाडावर जाते. हीच त्याला गाठायची वेळ. ती कळण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पारदर्शक पट्टी फांदीला गुंडाळावी आणि दर दोन-तीन दिवसांनी भिंगातून पाहावी. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे पिवळे ठिपके चिकटू लागले की पिल्ले निघाली असे समजावे.

घरच्या कुंड्यांना हातानेच उपचार करणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. कीड जास्त लागलेल्या फांद्या छाटाव्यात, बाकीच्या जुन्या मऊ टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासाव्यात. मोजकेच खवले असतील तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा एकेकावर टेकवावा. त्यानंतर 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि अर्धा चमचा द्रव साबण नीट घुसळून संध्याकाळी फवारावे. तेलाचा पातळ थर किड्याची श्वासरंध्रे बुजवतो, म्हणून पानांची खालची बाजू आणि फांद्यांच्या बेचक्या भिजल्याच पाहिजेत. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा तरी हे करावे लागते, कारण अंडी एकदम उबत नाहीत. नेच्यांना तेल सोसत नाही. इतर झाडांवरही आधी एका पानावर करून पाहावे. तडाख्याच्या उन्हात कधीही फवारू नये.

मुंग्यांचा बंदोबस्त यासोबतच व्हायला हवा. गोड द्रावाच्या बदल्यात त्या किडीची राखण करतात आणि तिच्या शत्रूंना हुसकावून लावतात. खोडाला कागद गुंडाळून त्यावर चिकट पदार्थाचा पट्टा द्यावा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या कापाव्यात, नाहीतर मुंग्या तिथून चढतात.

हे शत्रू खरोखर कामाचे आहेत. कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा एका खवले किडीने उजाड होऊ लागल्या तेव्हा 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यांनी त्या वाचवल्या; पुढे 1940 च्या दशकात डीडीटीच्या फवाऱ्यांनी हे ढालकिडे मेले आणि तीच कीड पुन्हा उसळली. जहाल कीटकनाशक मारून कीड वाढवण्याचा हा प्रकार गच्चीवरच्या बागेतही घडतो. मुळांतून शोषली जाणारी औषधे कठीण कवचाच्या जातींवर फारशी चालत नाहीत, मधमाश्यांना घातक ठरतात, आणि कढीपत्ता किंवा लिंबू यांसारख्या खाण्याच्या झाडांना तर ती घालूच नयेत. रस्त्याकडेच्या झाडांवरची धूळ पाण्याच्या झोताने धुवावी, कारण धुळीत किडीच्या अंगात वाढून तिला मारणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या नीट काम करू शकत नाहीत. पावसाळ्यातल्या दमट हवेत लेकॅनिसिलियम या कीड मारणाऱ्या बुरशीची जैविक पावडरही चांगली लागू पडते, परंतु फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तिच्यावर पैसे घालवू नयेत.

मेलेले खवलेही झाडावर कित्येक महिने चिकटून राहतात, त्यामुळे औषध लागू झाले नाही असा समज होतो. खवला चिरडून पाहावा: रस निघाला तर किडा जिवंत, भुसा निघाला तर मेलेला. कवचावर बारीक गोल भोक असेल तर परजीवी गांधीलमाशी किडा खाऊन तिथून बाहेर पडली आहे. अशा खवल्यांची फांदी छाटू नये आणि तिच्यावर काही फवारूही नये.